मुसळाच्या पाचरी

धर्माजी सुताराला हाका मारणारी माणसं बोर्ली पंचतनात कमी नव्हती. कुणी मिस्त्री म्हणे, कुणी धर्मादा, तर सुपारीचे व्यापारी दयारामशेठ नुसतंच 'अरे भाई' म्हणून काम सांगत. पण त्याला जी हाक आतून ऐकू यायची ती एकच, बायकोची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा रिवाज, तेव्हा मनुबाईला 'अवो' या दोन अक्षरांतच सगळा संसार बसवावा लागे. ताट वाढलं की एक अवो, दारात माणूस आला की दुसरा, आणि रागावली की तिसरा, तो जरा लांबलेला. धर्माजी हातातला रंधा न थांबवता कुठला कुठला ते ओळखायचा आणि गालात हसायचा.

तो बैलगाड्या करायचा. बापही करायचा. चाकाच्या कडेला लाकूड कुठलं, आऱ्यांना कुठलं, मधल्या तुंब्याला किती भोक, हे त्याच्या हाताला पाठ होतं. लढाईच्या दिवसांत दोन वर्षं मुंबईला लष्कराच्या एका कारखान्यात ट्रकांना लाकडी हौदे बसवायला होता. तिथे इंजिनाला त्याने बोटही लावलं नव्हतं, फक्त बघितलं होतं. पण गावात परत आल्यावर 'धर्माजीला मोटारीतलं कळतं' असं झालं, आणि त्याने ते कधी खोडून काढलं नाही. कुणी काढलं असतं?

सन त्रेपन्नच्या उन्हाळ्यात दयारामशेठने मुंबईहून लष्कराची मोडीत निघालेली जीप आणली. खाडीच्या उथळ फाट्यापलीकडच्या वाड्यांतून सुपारी आणायची, तर बैलगाडीला अर्धा दिवस लागे. ओहोटी साधून जीप फाट्यातून पार झाली की तासाचं काम. जीपवर ड्रायव्हर ठेवला मनुबाईचा धाकटा भाऊ भागोजी. आई लहानपणी गेल्यामुळे मनुबाईनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवला होता. आता तेविसाचा होता, शिट्टी वाजवत चालायचा, आणि जीपच्या टपावर हात टाकून उभा राहिला की सरकारी साहेबासारखा दिसतो असं त्याला स्वतःला वाटायचं.

जीप फाट्यात बुडाला दगड खाऊ लागली. पाणीही आत शिरे. शेठ म्हणाले, "अरे भाई, एने जरा उंच कर ने."

धर्माजीने उंच केली. स्प्रिंगांत जास्तीचे पाटे घातले, टोकांच्या कड्या लांब केल्या, आणि जीप चांगली सहा बोटं वर उठली. फाट्यातून कोरडी बाहेर आली तेव्हा शेठने भर बाजारात त्याच्या पाठीवर थाप मारली.

चार दिवसांनी भागोजी दारात येऊन बसला, तोंड पाडून.

"दाजी, गाडी थरथरतेय. जरा पळवली का बूड असं हादरतंय, दात वाजतात. नट ढिले पडतायत. परवा तर मागचा सांधाच तुटला."

आता गोष्ट अशी होती. जीपच्या इंजिनाकडून मागच्या चाकांकडे एक लोखंडी दांडा जातो, त्याला शाफ्ट म्हणतात. तो फिरतो म्हणून चाकं फिरतात. त्याच्या दोन्ही टोकांना मनगटासारखे वळणारे सांधे असतात. गाडी उंच केली की दांडा जास्त तिरपा होतो, ते एक असो. पण धर्माजीने कड्या नि पाटे बदलले त्यात मागचा आस जरा कलला होता, आणि पुढचा सांधा एका कोनात वाकला, मागचा दुसऱ्या. दोघांची मनगटं जुळेनात. मग दांडा एका फेरीत दोनदा अडखळे आणि सगळी गाडी हिव भरल्यासारखी थरथरे.

हे धर्माजीला पहिल्या दिवशी कळलं नाही, हे सांगायला हवं. त्याने वंगण घातलं. नवा सांधा घातला. चाकं काढून परत बसवली. शाफ्टचे दोन भाग खुणेला खूण लावून जुळवले. जीप थरथरतच राहिली. म्हसळ्याला रघू म्हणून मेकॅनिक होता, तो खुद्द लष्करातून, खरोखरचं इंजिन शिकून आलेला. त्याने भागोजीबरोबर निरोप धाडला : गाडी होती तेवढी खाली कर, सुताराचं काम नव्हे ते. निरोप ऐकून धर्माजी दोन दिवस जीपकडे फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो ओळंबा आणि कोन मोजायची पट्टी घेऊन जीपखाली शिरला. तो दुपारपर्यंत तिथेच होता. मनुबाईचा लांबलेला अवो तीनदा झाला तरी निघाला नाही. बाहेर आला तेव्हा तोंड काळं आणि डोळे चमकत होते. गाडीचं जू बैलांच्या मानेवर तिरकं पडलं तर सुतार काय करतो? पाचर मारतो. इथे आस आणि स्प्रिंग यांच्यामध्ये दोन पाचरी मारल्या तर आस मागे कलेल, मागच्या सांध्याचं तोंड वर येईल आणि दोन्ही सांधे सारखे वाकतील. लष्करात इंजिन शिकलेल्या रघूला जे सुचलं नाही ते त्याला ओळंब्याने दाखवलं होतं. माणसाला असं काही सापडलं की त्याचा ताबा सुटतो, त्याला आपण नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पाचरी पोलादाच्या हव्यात हे त्यालाही कळत होतं. पण गावचा लोहार सोयऱ्यांकडे लग्नाला गेला होता, पाऊस तोंडावर आला होता आणि शेठ तर दारातून हलेना. धर्माजी म्हणाला, आधी लाकडाच्या करून बघू, माप तर कळेल. लाकूड हवं होतं लोखंडाच्या तोडीचं. घरात तसं एकच होतं. मनुबाईचं मुसळ. तिच्या बापाने परसातला खैर तोडून लग्नात दिलेलं. भागोजी तेव्हा आठ वर्षांचा, तो ते खांद्यावर घेऊन वरातीच्या मागे चालत आला होता. वर्षभरापूर्वी ते मधोमध चिरलं, तेव्हापासून कोपऱ्यात उभं होतं.

"घेऊ?" धर्माजीने विचारलं.

मनुबाईने मुसळावरून एकदा हात फिरवला. "घ्या. भावाच्याच गाडीला लागतंय ना."

चौदा वर्षं हातांनी घासून ते लाकूड काळंभोर आणि काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. धर्माजीने त्याच्या दोन पाचरी तासल्या, जागेवर बसवल्या, आसाला धरून ठेवणारे नालाच्या आकाराचे बोल्ट गच्च आवळले. भागोजीने जीप दिघीच्या बाजूला पळवली. शेजारी धर्माजी मांडीवर पाण्याने भरलेला तांब्या धरून बसला होता. तांब्यातलं पाणी हललं, पण सांडलं नाही.

भागोजीने गाडी थांबवून दाजींच्या पायाला हात लावला. धर्माजी आयुष्यात एवढा सुखी पुन्हा झाला नाही.

लोहार आठ दिवसांनी आला. पण तेव्हा पाऊस लागला होता, आणि गाडी लोण्यासारखी चालली होती. चालत्या गाडीला कशाला हात लावायचा? आणि त्याच्याकडे एक हिशेब होता, गाडीवानांचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. उन्हाळ्यात चाक सुकलं, आरे खिळखिळे झाले की गाडी पाण्यात उभी करायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, घट्ट होतं. ही जीप तर रोज दोनदा फाट्यातून जाते. पाचरी रोज पाणी पितील. सैल व्हायला त्यांना सवडच कुठे? हा हिशेब त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितला की तो पाठ झाला. बैलगाडीच्या बाबतीत तो बरोबर होता.

दसऱ्याच्या सुमारास रघू स्वतः बोर्लीला आला. मानी माणूस, पण कामाची कदर असलेला. जीपखाली वाकून बघितलं. पाचरींना धर्माजीने डांबर फासलं होतं, काळ्या दिसत होत्या.

"कोन बरोब्बर काढलास, धर्माजी. मला न्हाय सुचलं," रघू म्हणाला. "पोलाद कुठून आणलंस?"

बाजारातली पाचसहा माणसं भोवती उभी होती. भागोजी छाती पुढे काढून उभा होता.

"आणलं मुंबईहून," धर्माजी म्हणाला.

एवढंच. एका वाक्याचं खोटं. माणसं याहून मोठी खोटी रोज बोलतात आणि सुखाने झोपतात.

माघ संपता संपता भागोजी शिट्टी वाजवत आला. शेठला म्हसळ्याहून माणगावकडे घाटरस्त्याने सामान नेण्याचं काम मिळालं होतं. जीप आता म्हसळ्यालाच राहणार होती.

"खाडी सुटली बघा, दाजी. आता खडखडीत कोरडा रस्ता. शिमग्याला येतो घरी."

"शिमग्यानंतर तुझ्यासाठी मुलगी बघायची हाय," मनुबाई आतून म्हणाली. भागोजी लाजून निघून गेला.

धर्माजी रंधा हातात धरून तसाच उभा राहिला. कोरडा रस्ता. फाल्गुनाचं ऊन. गेले आठ-नऊ महिने पाचरी पोलादात चेपून फुगत होत्या. चेपून फुगलेलं लाकूड सुकलं की आधी होतं त्याच्याहूनही बारीक होतं. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. यावर तर त्याचं पोट चालत होतं. सुकलेलं चाक दुरुस्तीला आणतात ना लोक.

दुसऱ्या दिवशी तो लोहाराकडे गेला, समोर बसून पोलादाच्या दोन पाचरी करून घेतल्या, घरी आणून कानशीने घासल्या. माप त्याला पाठ होतं. इथपर्यंत त्याचं कुठेच चुकलं नाही.

पण त्या बसवायच्या कुठे? म्हसळ्यात जीप उचलून धरायचा जॅक आणि सपाट जागा एकाच ठिकाणी, रघूच्या छपरात. रघूसमोर बोल्ट सोडायचे, आणि आतून मुसळाचं लाकूड बाहेर काढायचं. उद्या जाऊ, असं करत त्याने तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी पाचरी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकल्या, मनुबाईला सांगितलं की म्हसळ्याला बाजाराला जातो, आणि निघाला.

जीप रघूच्या छपरासमोरच उभी होती. भागोजी आणि रघू बाकड्यावर चहा पीत होते. भागोजी दाजींना बघून उठून उभा राहिला, बाकडं पुसून दिलं. रघूने तिसरा चहा मागवला आणि शेजारी बसलेल्या कुणा पाहुण्याला सांगू लागला की हेच ते मिस्त्री, लष्करात असते तर साहेबांनी यांना सोडलं नसतं.

धर्माजीने चहा घेतला. पिशवी दोन पायांत धरली होती. निघताना भागोजीला बाजूला घेऊन त्याने विचारलं, "गाडी थरथरते काय रं?"

"जरा जरा. उतारावर. का?"

जरा जरा. एखाद्याने दुसरं काही ऐकलं असतं. धर्माजीने तेच ऐकलं, स्पष्ट. त्याला त्या वेळी पिशवी उघडता आली असती. सांगता आलं असतं की चल, आत्ता, याच छपरात. रघू हसला असता. दोन महिने हसला असता. बोर्लीच्या बाजारात पोरांनी मुसळ-मुसळ म्हणून चिडवलं असतं. यापलीकडे काही झालं नसतं.

"शिमग्याला घेऊन ये घरी, बघू," तो म्हणाला. "तवर हळू चालव."

"व्हय दाजी."

रिकाम्या हाताने घरी कसं जायचं म्हणून त्याने बाजारातून पुरणासाठी गूळ घेतला आणि पाचरींवर ठेवला. मनुबाईने गूळ काढून घेतला, बोट लावून चाखला, आणि अवो, चांगला आणलात, म्हणाली. पिशवी तशीच आत नेऊन त्याने पाचरी हत्यारांच्या पेटीच्या तळाशी टाकल्या.

शिमगा सात दिवसांवर असताना घाटाच्या उतारावर जीप दरीत गेली. भागोजी एकटाच होता. मागे सुपारीची पोती होती. धर्माजी आणि मनुबाई पोचेपर्यंत दुपार झाली होती. त्याला वर आणून रस्त्याच्या कडेला आंब्याखाली ठेवला होता, वरून शेठच्या पोत्याचं गोणपाट. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. मनुबाईने गोणपाट खाली ओढून त्याची छाती बघितली आणि परत झाकली.

पोलिसांनी ब्रेकची नळी तुटलेली बघितली आणि ब्रेक गेल्याचं लिहिलं. ती नळी का तुटली ते कुणी लिहिलं नाही. आस एका बाजूने सरकला होता, शाफ्ट निखळून खाली घासत गेला होता. वरच्या वळणावर, रस्त्यात, रघूला एक पाचर सापडली. तो तिथेच उभा राहिला. मग सगळ्यांच्या देखत सरळ धर्माजीकडे आला आणि ती त्याच्या हातावर ठेवली. डांबर सगळं उडून गेलं होतं. लाकूड सुकलेलं, मधून चिरलेलं, एका अंगाला अजून काचेसारखं गुळगुळीत.

रघू वळून गर्दीतून निघून गेला. त्याने नंतरही कधी कुणाला सांगितलं नाही, हे त्याचे उपकार म्हणायचे की शिक्षा, ते धर्माजीला कधी ठरवता आलं नाही.

मनुबाईने पाचर बघितली. तिला ओळखायला वेळ लागला नाही, चौदा वर्षं तिने ते लाकूड रोज हातात धरलं होतं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"माझंच मुसळ," ती म्हणाली. "मीच दिलं काढून."

त्या वर्षी गावदेवाची पालखी त्यांच्या दारासमोर थांबली नाही, घरात दुखवटा होता. पालखी पुढे गेल्यावर धर्माजी पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला. मनुबाई जवळ आली. स्वतःचं रडणं तिने पदरात कोंबलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अवो. तुमी का जाळून घेताव? तुमाला काय ठाव व्हतं. लाकूड सुकंल आसं कुनाच्या मनात येनार? मी दिलं, तुमी लावलं. आपली दोगांची चूक."

धर्माजीला वाटलं, बोलून टाकू. मग वाटलं, तिला एवढं तरी राहू दे. खरं म्हणजे त्याला स्वतःलाच ते हवं होतं. अर्धी चूक माणसाला पेलते. त्या हाताखाली तो लहान मुलासारखा रडला, आणि ती त्याला थोपटत राहिली.

वर्षभर तसंच चाललं. मनुबाई त्याला जपू लागली. तो जेवत नाही म्हणून स्वतः शेजारी बसून घास मोजायची. शेजारणी काही बोलल्या तर त्यांना सांगायची, माझ्या भावावर त्यांचा जीव व्हता, तुमाला न्हाय कळायचं. त्याने मोटारीचं काम सोडलं. बैलगाड्याही कमी करू लागला. पण रात्री तिच्या शेजारी झोप यायची त्याला. हे तो पुढे स्वतःशी कबूल करायचा.

पुढच्या फाल्गुनात भागोजीचं वर्षश्राद्ध होतं. पाहुणे यायचे म्हणून मनुबाई घर आवरत होती. पडवीतल्या झोपाळ्याची कडी ढिली होती, म्हणून मोठा खिळा शोधायला तिने हत्यारांची पेटी उपडी केली. धर्माजी विहिरीवरून घागर घेऊन आला तेव्हा ती जमिनीवर बसली होती. पुढ्यात फडकं उलगडलेलं. त्यावर पोलादाच्या दोन पाचरी, वंगण लावून ठेवल्याने अजून लखलखीत, गंजाचा एक ठिपका नाही. शेजारी तिने आतून आणून लाकडाची ती चिरलेली पाचर ठेवली होती. तिन्हींचं माप एक.

"ह्या कवा केल्या?" तिने विचारलं.

'नंतर' म्हणायचं होतं फक्त. तिने विश्वास ठेवला असता. तिला ठेवायचाच होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. धर्माजीने घागर खाली ठेवली.

"आधी."

"किती आधी?"

"अकरा दिस."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली, चाक कुरकुरत. ती जाईपर्यंत मनुबाई थांबली.

"म्हसळ्याला गेला व्हतात, गूळ आणलात. तवा पिशवीत व्हत्या?"

"व्हय."

"गुळाच्या खाली."

"व्हय."

"त्यो भेटला तवा?"

धर्माजीने मान हलवली. तिने पुढे काही विचारलं नाही. कशाला लपवलंत, कुणाला भ्यालात, काहीच नाही. पाचरी परत फडक्यात बांधल्या, पेटीत होत्या तिथे ठेवल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन श्राद्धाचे तांदूळ निवडायला बसली. पाहुणे आले, जेवले, गेले. तिने कुणाला सांगितलं नाही. माहेरीसुद्धा नाही.

त्यानंतर दोघं तेरा वर्षं एका घरात राहिली. तिने त्याला दोन्ही वेळ वाढलं, तापात काढे दिले, त्याचे कपडे धुतले, लोकांत त्याची बाजू घेतली. तो मिस्त्रीकाम सोडून शेठच्या वखारीत सुपारी वाळवायला जायचा. सड्यावर, गावालगतच्या खडकाळ माळावर, एस.टी. येऊ लागली तेव्हा तो रोज सकाळी स्टँडवर जाऊन गाडीखाली वाकायचा आणि हातोडीने मागच्या आसाचे बोल्ट एकेक ठोकून बघायचा. कंडक्टर आधी हाकलत, मग सवय झाली त्यांना. लोक म्हणाले, मेहुण्याच्या दुःखाने वेडा झाला बिचारा. तो ऐकून घ्यायचा.

घरी यायचा तेव्हा ताट वाढलेलं असायचं, झाकलेलं, गरम. ते पाटाजवळ ठेवल्याचा आवाज यायचा, म्हणजे जेवायला यायचं. दारात माणूस आला की कडी वाजायची, म्हणजे बाहेर बघायचं. एरवी मनुबाई भांडी आदळणारी बाई नव्हती, पण आता तिला काही सांगायचं असलं की तांब्या जरा जोराने टेकवायची.

अडुसष्ट साली पावसाळ्याच्या तोंडाशी तो अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी ती उशाशी बसून चमच्याने पाणी घालत होती. त्याने डोळे उघडले, तिच्या तोंडाकडे बघत राहिला, बराच वेळ, काहीतरी ऐकायला थांबल्यासारखा. ती दोन अक्षरं कुठली ते तिला कळलं. तेरा वर्षं तिला ते कळतच होतं. तिचे ओठ एकदा हललेही. मग तिने चमचा पुन्हा पाण्यात बुडवला आणि त्याच्या ओठांशी नेऊन, भांड्यावर हलकेच वाजवला.

त्याने तोंड उघडलं.